लेक घरी येते तेव्हा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस परदेशी शिकावयास गेलेल्या माजी विद्यार्थ्यांविषयी लिहावयास सांगितले. त्यांची नावे, विद्यापीठे आणि पदव्या यांची यादी याच अंकात अन्यत्र येणार आहे, आणि ती वाचून पालकांना अभिमान वाटेल यात शंका नाही. परंतु मूल परदेशी निघाले की त्याचा सत्कार होतो, चौकात फलक लागतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. ते काही वर्षांनी घरी येते तेव्हा घरात काय घडते, हे मात्र आपल्या समाजात अजून फारसे कोणी लिहिलेले नाही. म्हणून आम्ही एका माजी विद्यार्थिनीच्या घरी काढलेल्या एकोणीस दिवसांविषयीच लिहीत आहोत. ती आमची सख्खी पुतणी. तिचे नाव येथे देत नाही. तिच्या वर्गातील मुलामुलींना ते कळेलच.

विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला आणि त्याच वर्षी तिचा जन्म. (आमच्या एम. ए.च्या पदवीपत्रावर नुसते 'मराठवाडा विद्यापीठ' असे छापलेले आहे, कारण आम्ही १९९३ साली उत्तीर्ण झालो. काकांची पदवी जुन्या नावाची, अशी घरातील मुले आमची थट्टा करतात.) तिचे वडील, आमचे थोरले बंधू, एस. टी.त वाहक होते. २००४ साली त्यांनी तिला पाचवीत आपल्या विद्यालयात आणून सोडले. वसतिगृहातील पहिल्या आठवड्यात ती रोज रडत असे, आणि रडता रडता वंदनेला मात्र सर्वांच्या आधी येऊन बसत असे. २०१९ साली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून ती सार्वजनिक आरोग्य या विषयात पीएच. डी. करण्यास इंग्लंडातील लीड्स येथे गेली. महाराष्ट्र शासनाची ही शिष्यवृत्ती २००३ सालापासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तीत शिक्षणशुल्क मिळते, निर्वाहभत्ता मिळतो, आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे एकदा मिळते. हे 'एकदा' पालकांनी नीट वाचून ठेवावे. मध्यंतरी घरी काही बरेवाईट झाले तर तिकिटाचा खर्च आपला असतो.

आमच्या घरी ते झाले. मे २०२१ मध्ये बंधू करोनाने गेले. त्याआधी २३ एप्रिलपासून ब्रिटनने भारताचे नाव लाल यादीत घातले होते. विमाने थोडी, भाडे तिप्पट, आणि इकडून परतणाऱ्यास तिकडे दहा दिवस हॉटेलात सक्तीचे विलगीकरण. ती आली असती तरी वडिलांचे मुख तिला दिसले नसतेच. इथे आम्हांसही ते नीट दिसले नाही. जलदान विधीला घरातील पाच माणसे होती. भन्ते दूर खुर्चीवर, तोंडाला पट्टी बांधून. आणि एका स्टुलावर उभा करून ठेवलेल्या मोबाईलमध्ये ती. मध्येच संपर्क तुटला. पुन्हा लागला तोवर विधी आटोपला होता.

त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ ती आली नाही. प्रबंध सादर केला, मौखिक परीक्षेची तारीख मिळावयाची होती, त्या मधल्या अवधीत स्वतः साठवलेल्या पैशांतून तिकीट काढून ती जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आली. शासनाचे परतीचे भाडे तिने कायमच्या परतण्यासाठी राखून ठेवले.

वर्गात परदेशातून परतण्याचा विषय निघाला म्हणजे आम्ही मुलांना एक हिशेब करावयास सांगतो. यशवंतरावांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईस परत आले. तर मुलगा किती वर्षांचा झाला? मुले बोटे मोजतात आणि गप्प होतात. जाताना सात महिन्यांचे असलेले बाळ परत येताना पाचव्या वर्षात होते. पहिले महायुद्ध चालू होते. बाबासाहेबांनी मोठ्या कष्टाने जमवलेली पुस्तके दुसऱ्या बोटीने निघाली होती. ती बोट पाणबुडीने बुडवली. परळच्या घरी रमाई होत्या, वहिनी लक्ष्मीबाई होत्या, पुतण्या मुकुंद होता. पुढे बडोद्यात नोकरीवर गेल्यावर पारशी धर्मशाळेतून त्यांना कसे बाहेर काढले, ते पाठ्यपुस्तकात आहे आणि ते सर्वांना ठाऊक असते. परंतु एवढी विद्या घेऊन आलेला माणूस प्रथम एका चाळीतील दोन खोल्यांत परतला, ज्या घराला त्याने विद्वत्तेबरोबरच रेशनपाण्याचीही अपेक्षा पुरवावयाची होती, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे लागते.

आमची पुतणी देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी परभणीस उतरली. स्टेशनबाहेर बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर क्षणभर उभी राहिली, मग रिक्षात बसली. घरी वहिनी, तिचा धाकटा भाऊ आणि आम्ही एवढीच माणसे असतील असा तिचा समज होता. दारात आमच्या दोन्ही आत्या बसल्या होत्या.

येथे आमच्या कुळाचा थोडा भूगोल सांगणे भाग आहे. थोरल्या आत्या औंढ्याकडे दिलेल्या, धाकट्या परतूरकडे. दोघींची लग्ने झाली तेव्हा दोन्ही गावे परभणी जिल्ह्यात होती. १९८१ साली जालना जिल्हा झाला आणि परतूर तिकडे गेले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला आणि औंढा तिकडे गेले. आत्या जागच्या हलल्या नाहीत, तरी एक एक करून परजिल्ह्यातल्या झाल्या. एक चुलते रेल्वेच्या कामावर पूर्णा जंक्शनला गेले व तेथेच राहिले. काही मुले पुण्याला पिंपरीकडे कारखान्यांत लागली. एवढे सगळे पांगणे केवळ पोटासाठी झाले असे नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात जाळपोळ उसळली. परभणी जिल्हा त्यात होरपळला. आमच्या गावची वस्तीही पेटली. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. बंधू चौदा वर्षांचे. रात्री तुरीच्या शेतातून चालत निघालो ते पुन्हा गावात राहावयास गेलो नाही. वर्षभराने एकच घर परत गेले: आमच्या थोरल्या चुलत्यांचे. त्यांचे चिरंजीव, ज्यांना आम्ही बापू म्हणतो, आजही तेथेच आहेत. बाकीचे लग्नकार्याला जातात आणि दिवेलागणीच्या आत निघतात. कोणी तसे ठरवलेले नाही, पण पंचेचाळीस वर्षे तसेच होत आले आहे.

तर थोरल्या आत्यांनी पुतणीला पाहिले आणि गळा काढला. आमच्याकडे बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, नावे घेऊन, एकेक गोष्ट उच्चारून रडतात. आपल्यातील काही सुशिक्षित तरुणांना हे जुनाट वाटते, बुद्धिवादाला सोडून वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. त्यात देव नाही, कर्मकांड नाही. गेलेल्या माणसाचा पाढा मोठ्याने म्हणणे आहे. ऐंशी ओलांडलेली ती बाई त्या दारात बंधूंचे लहानपण सांगत होती: तापात त्याला पाठीवर घेऊन औंढ्याच्या दवाखान्यात कशी गेले, पहिल्या पगाराचे लुगडे त्याने कसे आणले, ते लुगडे अजून पेटीत कसे आहे. पुतणी प्रथम अवघडून उभी होती. नंतर तिचा बांध फुटला. अडीच वर्षे लीड्सच्या खोलीत तिला कोणासमोर रडावे हे कळले नव्हते, असे तिने नंतर आम्हांस सांगितले. तेथील लोक चांगले होते, त्यांनी फुले पाठवली, एका प्राध्यापकांनी सुट्टी घेण्यास सांगितले. पण वडिलांना ओळखणारे कोणी नव्हते.

आत्यांनीच ठरवले की पुण्यानुमोदन पुन्हा करावयाचे, आणि गावात करावयाचे. दिवस निघाला रविवार, १४ जानेवारी. सोय पाहून काढलेला हा दिवस नामविस्तार दिन असल्याचे प्रथम धाकट्या पुतण्याच्या लक्षात आले.

त्या दिवशी बापूंच्या अंगणात त्रेचाळीस माणसे जमली. म्हणावयास सर्व जण तिला भेटावयास आले होते. प्रत्यक्षात ती एका कोपऱ्यात लसूण सोलीत बसली होती आणि माणसे एकमेकांना भेटत होती. पूर्ण्याचे चुलत भाऊ आणि पिंपरीचे चुलत भाऊ यांनी एकमेकांना अकरा वर्षांनी पाहिले. दोघींपैकी धाकट्या आत्यांची नात कोणाची कोण हे तिला स्वतःलाच सांगता येईना, तेव्हा पुतणीने दिनदर्शिकेचे जुने पान उलटे करून त्यावर कुळाची वंशावळ मांडावयास घेतली. तलाठ्याकडे द्यावयाच्या वंशावळीत आपण सहसा मुलगे लिहून पुढे जातो. तिने मुलीही लिहिल्या, सुनांची माहेरची गावे लिहिली. आजीच्या आईचे नाव फक्त थोरल्या आत्यांना येत होते. ते कागदावर पहिल्यांदाच आले.

भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिले आणि प्रवचनात कपिलवस्तूची कथा सांगितली. संबोधीनंतर तथागत आपल्या नगरीत परत आले. शुद्धोदन राजा, यशोधरा, सारे शाक्य कुळ जमले. यशोधरेने सात वर्षांच्या राहुलाला सांगितले, ते तुझे वडील, त्यांच्याकडे आपला वारसा माग. राहुल मागोमाग गेला आणि मागत राहिला. पाली भाषेत त्या वारशाला 'दायज्ज' म्हणतात. आपल्या मराठीतील 'दायज' तोच शब्द. तथागतांनी सारिपुत्तांकरवी राहुलाला प्रव्रज्या दिली. शुद्धोदनाला त्याचे दुःख झाले, आणि त्याने मागितल्यावरून नियम झाला की आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भन्तेजींनी कथा त्यागाच्या अंगाने सांगितली. बापूंनी ती दुसऱ्या अंगाने ऐकली असावी, कारण जेवणे झाल्यावर ते घरातून लोखंडी पेटी घेऊन आले.

पेटीत सातबारा होता. आमच्या आजोबांनी गायरानात कसलेली दोन एकर जमीन पुढे नियमानुकूल होऊन त्यांच्या नावे लागली. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्या काळापासून आजोबांनी ती सोडली नव्हती. १९९७ साली ते गेले. त्यानंतर दोन मुलगे व दोन मुली यांच्या शाखा वारस म्हणून लागल्या. बापूंचा हिस्सा चौथा, म्हणजे अर्धा एकर. पण कसतात तेच. कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत नव्या विहिरीला त्या वेळी, जानेवारी २०२४ मध्ये, अडीच लाखांचे अनुदान मिळत असे; त्यासाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर, जमीन अर्जदाराच्या नावे असावी लागते. विहीर झाली तर त्यांचा मुलगा गावात राहील, नाहीतर तोही पिंपरीला जाईल. म्हणून बापूंना सर्वांचे हक्कसोडपत्र हवे होते. आम्ही देण्यास केव्हाच तयार होतो. आम्हांस दरमहा वेतन आहे. बंधूंनी मात्र अखेरपर्यंत सही दिली नव्हती. कारणही सांगितले नव्हते. त्यांच्या जागी आता वहिनी, पुतण्या आणि पुतणी.

सर्वांना वाटले होते की ती लगेच सही करील. इंग्लंडात शिकलेल्या मुलीला दोन एकरांतल्या तिच्या चिमूटभर हिश्श्याचे काय? पिंपरीचे एक बंधू म्हणालेही, "अगं, तू तर पाहुणी. कशाला अडकतेस यात?"

ती म्हणाली, "काका, पाहुणी म्हणूनच बोलावलं असतं तर मी जेवून गेले असते. सही मागताय म्हणजे मी वाटेकरी आहे."

अंगणात शांतता पसरली. बापूंचा चेहरा उतरला. मग तिने आत्यांकडे वळून विचारले, "आजी, तुम्ही दोघींनी आपला हिस्सा का सोडला?"

आम्हांस हे ठाऊक नव्हते. पेटीतून दोन स्टॅम्पपेपर निघाले. नोंदणी न झालेले, दोन्हीवर अंगठे. थोरल्या आत्या म्हणाल्या, "मला इचारलं कुठं व्हतं, माय? आंगठा मागितला, म्या देला." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते ऐकणे अवघड गेले.

दर वर्षी नववी-दहावीच्या वर्गात आम्ही हिंदू कोड बिल शिकवतो. लेकीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळावा, यासाठी बाबासाहेब झटले. त्या विधेयकाची वाट लागली हे सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडण्याच्या कारणांपैकी एक मोठे कारण होते. पुढे १९५६ चा उत्तराधिकार कायदा आला, २००५ ची दुरुस्ती आली, आणि नावात 'हिंदू' असला तरी तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाबासाहेबांचे चित्र आपल्या प्रत्येक घरात आहे. पण आपल्या समाजात आजही लेकीने हिस्सा मागितला तर भावाचे दार बंद होते, आणि न मागता सोडला तर तिला साडीचोळी होते. भिंतीवर एक आणि पेटीत दुसरे, असे आम्हांस अनेक घरांत दिसते. तथापि त्या अंगणात बापूंना लोभी ठरवणेही अन्याय्य झाले असते. सगळे कूळ निघून गेल्यावर वस्तीतले घर त्यांनी उभे ठेवले, जमिनीवर अतिक्रमण होऊ दिले नाही, आमच्या लग्नाला तूरडाळीचे पोते पाठवले. जो माणूस राहिला त्याचाही काही हक्क होतो. तो कोणत्या कलमात बसत नाही एवढेच.

बोलणे दुपारभर चालले. दोनदा आवाज चढले. पिंपरीचे बंधू मध्येच उठून मोटारीकडे गेले आणि त्यांना पुतणीनेच हात धरून परत आणले. अखेर वहिनी, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी विचारले, की विहिरीला एकच एकर लागतो ना? मग हक्क सोडायचा कशाला, वाटणी करा. एक एकर बापूंच्या नावे. त्यांच्या वाट्यापेक्षा अर्धा एकर अधिक, तो राहण्याचा मान. उरलेला एकर सामायिक: दोन्ही आत्या, आम्ही, वहिनी, पुतण्या आणि पुतणी, अशी सहा नावे. तो बापूंनीच कसावा, दरसाल प्रत्येक घरी तुरीची डाळ पोचवावी. बापूंनी स्टॅम्पपेपर आत्यांच्या हातात दिले. थोरल्या आत्यांनी ते चुलीत घातले नाहीत. घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवले. का, ते त्यांनी सांगितले नाही.

बोलता बोलता अंधार पडला. परतायला आता एकही बस नव्हती, आणि कोणी बसची चौकशीही केली नाही. पुरुषमंडळी अंगणात, बायका घरात, मुले गच्चीवर झोपली. येसराची आमटी आणि भाकरी पुन्हा एकदा झाली. १९७८ नंतर आम्ही त्या वस्तीत काढलेली ती पहिली रात्र. झोप लागली असे म्हणवत नाही, परंतु भीतीने जाग राहिली असेही नाही. पूर्ण्याचे बंधू फार घोरतात.

पुतणी २४ तारखेला गेली. जाण्यापूर्वी ती आपल्या विद्यालयातही येऊन गेली, मुलींच्या वसतिगृहात तासभर बसली. मुलींनी तिला विमानाविषयी विचारले. तिने त्यांना पासपोर्टच्या अर्जाविषयी सांगितले. वाटणीचा अर्ज तहसिलीत सर्वांच्या सह्यांनिशी दिला आहे. आत्यांनी या वेळी अंगठा देण्यापूर्वी कागद वाचून दाखवावयास लावला.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत स्टेशनसमोरच्या त्याच पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरचे दिवस शहराने कसे काढले ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. त्या रात्री लीड्सहून फोन येईल हे आम्ही जाणून होतो. पूर्वी तो आमच्याकडे येई आणि सर्वांची खुशाली आम्ही सांगत असू. त्या रात्री तो आमच्याकडे सर्वांत शेवटी आला. तिने दिनदर्शिकेच्या पानावरील वंशावळ समोर ठेवून पूर्णा, औंढा, परतूर, पिंपरी अशा एकेका घरी स्वतःच फोन लावले होते, मुले घरात आहेत का, हे नावानिशी विचारले होते. बापूंशी ती सर्वांत जास्त वेळ बोलली. घरचे सगळे ठीक असल्याचे सांगून झाल्यावर बापूंनी तिला विहिरीसाठी निवडलेली जागा समजावून सांगितली: बांधाच्या उगवतीला, जुन्या बाभळीपासून वीस पावलांवर.